बाण लागण्याआधीची कबुली: एका अद्भुतरम्य प्रेमकादंबरीच्या दुसऱ्या भागाचे प्रकरण

ज्या हस्तलिखिताचा हा अभ्यास आहे, ते एका अद्भुतरम्य प्रेमकादंबरीचा दुसरा भाग आहे. लेखिका गंगापूर तालुक्यातील एका शाळेत शिकवतात. पहिला भाग त्यांनी मोबाइलवर प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध केला आणि छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, अंबाजोगाई अशा गावांतून, विशेषतः महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलींकडून, तो आवडीने वाचला गेला. दुसऱ्या भागाचा मसुदा पूर्ण झाल्यावर तो संपादकीय मतासाठी माझ्याकडे आला. कादंबरी अद्याप छापून यायची असल्यामुळे येथे पात्रांना त्यांच्या कामांनीच ओळखले आहे: नायक हा किल्ल्यातील मशालजी आणि नायिका ही कोठावळ्याची, म्हणजे धान्याची कोठारे सांभाळणाऱ्याची, मुलगी.

लेखिकेपुढचा पेच सांगायला सोपा होता. पहिल्या भागाच्या अखेरीस ज्याने दगा दिला, त्याला दुसऱ्या भागाच्या अखेरीस नायिकेने पुन्हा जवळ करावे, आणि वाचकालाही ते पटावे, अशी त्यांची इच्छा होती. मसुद्यात ती दोघे एकत्र येत होती, पण वाचून झाल्यावर मनात समाधानाऐवजी एक रुखरुख उरत होती. ती कशामुळे उरते, याचा शोध म्हणजे हे प्रकरण.

दगा नेमका कोणता

कादंबरीतील राज्य काल्पनिक असले तरी त्याचा डोंगर ओळखू येतो. मैदानातून एकटाच वर आलेला, शंकूच्या आकाराचा, सुमारे 200 मीटर उंच डोंगर, त्याचे तासून उभे केलेले कडे, पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक, आणि वर जायला डोंगराच्या पोटातून गेलेली काळोखी वाट. दौलताबाद, म्हणजे जुनी देवगिरी, ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिथली अंधारी, तिच्यातली वटवाघळे आणि पावलागणिक बदलणाऱ्या पायऱ्या लगेच आठवतील. लेखिकेने या वाटेला एक अद्भुत नियम जोडला आहे. वयात आलेल्या प्रत्येक रहिवाशाने वाटेच्या तोंडाशी खडकावर तळहात टेकवून एक शब्द द्यायचा. त्या शब्दाची बारीक रेघ खडकावर उमटते, आणि जोवर या रेघा अखंड आहेत तोवर परक्याला ती वाट सापडत नाही. अद्भुताची ही कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण इथे किल्ल्याचे संरक्षण दगडाच्या जाडीवर अवलंबून नसून आत राहणाऱ्यांच्या सचोटीवर अवलंबून आहे.

दग्याचा प्रसंग लेखिकेने इतिहासातून उचलला आहे. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर अचानक चाल केली, तेव्हा यादवांची मुख्य फौज बाहेर गेलेली होती. रामदेवराव किल्ल्यात शिरले आणि घाईघाईने पोती आत घेतली गेली. पुढे ती उघडल्यावर धान्याऐवजी मीठ निघाले आणि तह करण्यावाचून गत्यंतर उरले नाही, असे वृत्तांत सांगतात. त्या हकिकतीत मीठ गडबडीत आत आलेले आहे. कादंबरीत ते जाणूनबुजून आणले जाते. मशालजीचा धाकटा भाऊ शत्रूच्या छावणीत कैदेत असतो. त्याच्या सुटकेच्या आमिषाने मशालजी एका रात्री कोठाराचा शिक्का नायिकेच्या उशाखालून काढून घेतो, आणि ज्वारी म्हणून मिठाची पोती अंधारीतून वर चढवली जातात. वेढ्यात माणसे उपाशी मरतात, किल्ला पडतो, शिक्क्यावरून संशय कोठावळ्यावर येतो. भाऊ मात्र त्या रात्रीच्या आधीच मारला गेलेला असतो. खडकावरची तुटलेली रेघ कोणाची आहे हे नायिकेला कळते, तिथे पहिला भाग संपतो.

या दग्याला तीन पदर आहेत आणि पुढचे सगळे विवेचन त्यांवर उभे आहे. एक, प्रेमाचा विश्वासघात: जिच्या उशाशी हात जाऊ शकत होता, तिचाच शिक्का त्याने चोरला. दुसरा, निरपराध माणसाच्या माथी मारलेला कलंक: कोठावळा पुढे दोन वर्षे जगला आणि लोक त्याच्या दारावरून जाताना थुंकून पुढे जात राहिले. तिसरा, उपासमारीने मेलेली माणसे. पहिला पदर त्या दोघांमधला आहे. उरलेले दोन तसे नाहीत, आणि मसुद्याची मूळ अडचण इथेच होती, कारण त्याने तिन्ही पदर एकाच गाठीने बांधायचा प्रयत्न केला होता.

पहिल्या मसुद्यातला बाण

मसुद्यात तीन वर्षांनंतर मशालजी परत येतो. नायिका आता डोंगराच्या एका बाजूला लपून राहिलेल्या लोकांची प्रमुख आहे. ती त्याला बांधून ठेवण्याचा हुकूम देते, दोघांमध्ये काही धारदार संवाद होतात, आणि पुस्तक अर्ध्यावर येण्याच्या आतच शत्रूचा एक बाण तिच्या दिशेने सुटतो. मशालजी आडवा येतो. तो रक्तात पडलेला असताना ती त्याचे डोके मांडीवर घेऊन म्हणते, "मी तुला माफ केलं." खडकावरची त्याची रेघ त्याच क्षणी सांधली जाते. उरलेले अर्धे पुस्तक किल्ला परत मिळवण्याचे आहे आणि त्यात दग्याचा उल्लेख जवळजवळ येत नाही.

प्रसंग म्हणून तो वाचनीय आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. लेखिकेची भाषा त्या पानांवर सर्वांत वेगाने धावते. तरीही हा बाण दोन्ही पात्रांवर अन्याय करतो. बाणासमोर उडी घेणे हा क्षणाचा निर्णय आहे. त्याला धाडस लागते, आणि हे धाडस मशालजीत कधीच कमी नव्हते. भावासाठी शत्रूच्या छावणीत रात्री एकट्याने जाणारा माणूस भित्रा नाही. त्याच्यात उणीव होती ती वेगळ्या गोष्टीची: जवळच्या माणसाचे प्राण वाचवण्यासाठी दूरच्या शेकडो माणसांना तो विसरू शकत होता. आता तो जिच्यावर प्रेम करतो तिच्यासाठी स्वतःला झोकून देतो, तेव्हा तो नेमके तेच करत असतो जे पहिल्या भागात त्याने भावासाठी केले होते. त्यातून त्याचे प्रेम सिद्ध होते, बदल सिद्ध होत नाही.

नायिकेच्या बाजूने पाहिले तर अन्याय याहून मोठा आहे. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला "नाही" म्हणण्याची सोय कोणत्याच सभ्य समाजाने ठेवलेली नाही. मांडीवर डोके ठेवून जो अखेरचे श्वास मोजतो आहे, त्याला क्षमा नाकारली तर ती नाकारणाराच निष्ठुर ठरतो. म्हणजे ज्या क्षणी तिला सर्वांत मोकळेपणाने निर्णय घेता यायला हवा होता, त्या क्षणी तिचे हात बांधले गेले, आणि ते बांधणारा पुन्हा तोच होता, भले या वेळी त्याचा तसा हेतू नसेल. शिवाय तो पुढे वाचतो. मग ती क्षमा मरणाऱ्याला दिलेली होती की जगणाऱ्याला, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

याच मसुद्यात एक वयस्क स्त्री नायिकेला सांगते, "पोरी, चुकलं त्याचं. पदरात घे." लेखिकेने ते वाक्य शहाणपणाचे म्हणून लिहिले होते. आपल्याकडे घरातला वाद भावकीच्या बैठकीत आला की असेच म्हटले जाते: झालं गेलं गंगेला मिळालं, आता विसरून जा. असे सांगणाऱ्यांचा हेतू पुष्कळदा चांगला असतो, आणि घर मोडू नये ही त्यांची चिंताही खरी असते. पण बैठकीत बहुतेक वेळा जिच्यावर अन्याय झाला तिलाच विसरायला सांगितले जाते आणि ज्याने केला त्याला काय करायचे हे कोणी सांगत नाही. परभणीतील एका वाचक गटात या मसुद्यातील काही प्रकरणे वाचली गेली, तेव्हा याच वाक्यावर सर्वाधिक वेळ चर्चा झाली. तिथल्या एका निवृत्त शिक्षिकेने लेखिकेला विचारले, "बाई, हे तुमचं मत आहे, का त्या म्हातारीचं?" लेखिकेने त्यावर लगेच उत्तर दिले नाही. मसुद्याची फेररचना मात्र खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली.

मंत्राचा मोह

फेररचनेचा विचार चालू असताना काही वाचकांकडून एक सूचना आली आणि लेखिका काही काळ तिच्याकडे ओढल्या गेल्या. सूचना अशी की शत्रूच्या मांत्रिकाने मशालजीवर मोहिनी घातली होती, असे दुसऱ्या भागात उघड करावे. मग तो मुळात दोषी राहत नाही, नायिकेला क्षमा करणे सोपे जाते, वाचकही सुटकेचा निःश्वास टाकतो.

अद्भुतरम्य साहित्याला हा मोह जन्मापासून जडलेला आहे, आणि तो किती जुना आहे हे पाहायला शकुंतलेच्या कथेइतके चांगले उदाहरण नाही. महाभारतात दुष्यंत शकुंतलेला भर सभेत नाकारतो तेव्हा त्याला सारे आठवत असते. लोकांनी संशय घेऊ नये म्हणून आपण तसे वागलो, असे तो आकाशवाणीनंतर स्वतःच सांगतो. कालिदासाने त्याच कथेत दुर्वासांचा शाप आणि अंगठी आणली, त्यामुळे राजा खरोखरच विसरला आणि त्याचा अपराध शापावर गेला. कालिदासाच्या नाटकाचे सौंदर्य वादातीत आहे, आणि अंगठी सापडल्यावर राजाचा जो पश्चात्ताप त्याने रंगवला आहे तोही अस्सल आहे. परंतु महाभारतातील शकुंतला सभेत उभी राहून राजाला जे खडे बोल सुनावते, त्यांचे वजन अपराध खरा असल्यामुळे आहे. समोरच्याचा दोषच नसेल तर क्षमा करण्यासारखे काही उरत नाही. उरतो तो फक्त गैरसमज, आणि गैरसमज दूर होणे ही वेगळ्या जातीची कथा आहे.

मोहिनीची सूचना शेवटी बाजूला ठेवण्यात आली. मात्र त्या निमित्ताने अद्भुताचा दुसरा, अधिक प्रामाणिक उपयोग आपल्याच परंपरेत सापडतो याकडे मी लेखिकेचे लक्ष वेधले. पैठणच्या सातवाहन दरबाराशी ज्याचे नाव जोडले जाते, त्या गुणाढ्याची बृहत्कथा आज मूळ रूपात उपलब्ध नाही, पण अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरातून तिची कल्पना येते. त्याच्या आरंभी शिवाने पार्वतीला एकांतात सांगितलेली कथा पुष्पदंत नावाचा गण चोरून ऐकतो आणि माल्यवान त्याची रदबदली करतो. पार्वती दोघांनाही मनुष्यजन्माचा शाप देते. विनवणी केल्यावर ती शाप मागे घेत नाही, तो संपण्याची अट सांगते. पुष्पदंताने ती कथा विंध्यारण्यातील काणभूतीला सांगावी, आणि माल्यवानाने, म्हणजेच पुढच्या गुणाढ्याने, ती काणभूतीकडून ऐकून जगात पसरवावी. उःशापाची ही रीत लक्षात घेण्यासारखी आहे. अपराध जसा घडला त्याच वस्तूतून सुटकेचे काम निघते: कथा चोरली, म्हणून कथा पोहोचवायची. जादू इथे दोष पुसत नाही, दोषाला साजेसे काम नेमून देते.

मशालजीचा अपराध अंधारात, मिठाने आणि एका शिक्क्याने घडला होता. त्याची सुटकाही याच गोष्टींमधून यायला हवी, एवढे ठरल्यावर पुढचा मार्ग बऱ्यापैकी मोकळा झाला.

काय बदलले

बाण काढून टाकण्यात आला नाही. तो पुस्तकाच्या मध्यावरून पुढे, खूप उशिरा नेण्यात आला, आणि त्याच्या कितीतरी आधी मशालजीची कबुली घालण्यात आली. ती कबुली नायिकेजवळ एकांतात होत नाही. भर दुपारी, सगळे लोक धान्य मोजून घेण्यासाठी जमलेले असताना, तो उभा राहतो आणि म्हणतो: "कोठावळ्याचा यात हात नव्हता. शिक्का मी चोरला, पोती मी वर आणली. त्यांच्या दारात जे थुंकले, त्यांनी ते माझ्या नावावर धरावं." तो भावाचा उल्लेख करत नाही. भावाची हकिकत वाचकाला पहिल्या भागापासून ठाऊक आहे, लोकांना नाही. ती सांगितली असती तर काहींची मने नक्कीच द्रवली असती, आणि म्हणूनच ती न सांगण्याला अर्थ आहे. कारण समजून घेणे आणि अपराध माफ करणे या दोन गोष्टी वाचक नेहमीच गल्लत करून वाचतो. पात्राने स्वतः ती गल्लत नाकारली की लेखकाला वेगळे भाष्य करावे लागत नाही.

नायिकेचे उत्तर लेखिकेने अनेकदा बदलले. अखेर उरले ते असे: "बाबा मरेपर्यंत हे ऐकायची वाट बघत होते. तुम्हाला आज सवड झाली." पहिल्या भागभर त्याला अरेतुरे करणारी मुलगी इथे 'तुम्ही' म्हणते. त्या प्रसंगात याहून जास्त काही नाही, आणि असूही नये.

त्यानंतर येते काम, आणि या नव्या मसुद्यातील सर्वांत जिवंत पाने तीच आहेत. मीठ ओतले गेले होते ती पेवे, म्हणजे जमिनीत खोदलेली धान्याची कोठारे, निकामी झालेली असतात. मिठाचा अंश भिंतींत आणि तळाशी मुरल्यामुळे पावसाळ्यात ओल धरते आणि नवी भरलेली ज्वारी बुरसते. लोकांना पुढच्या वेढ्याआधी साठा करायचा आहे आणि ठेवायला जागा नाही. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत हे मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. आत कोंडलेली हवा जीवघेणी असते, म्हणून झाकण काढून ते काही काळ उघडे ठेवायचे, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा, आणि दिवा विझला तर माणसाने उतरायचे नाही. लेखिकेने हे आपल्या आजीकडून ऐकलेले होते. मशालजी प्रत्येक पेवात आधी मशाल सोडतो, ज्योत टिकते का पाहतो, मग स्वतः उतरतो, तळाची आणि भिंतींची खारलेली माती खरवडून टोपल्यांनी वर पाठवतो, नव्या मातीने, शेणाने आणि राखेने आतून लिंपतो, तळाला कोरडा कडबा घालतो. ही माती किल्ल्यावरच्या शेतांत टाकता येत नाही, कारण तिथेही मग काही उगवणार नाही. ती अंधारीतून खाली, खंदकापलीकडे न्यावी लागते. ज्या वाटेने त्याने मीठ वर आणले, त्याच वाटेने तो ते टोपलीटोपलीने खाली नेतो. कोणी त्याच्याशी बोलत नाही, कोणी त्याला अडवतही नाही. पुढच्या पावसाळ्यात एका पेवातली ज्वारी कोरडी निघते, दुसऱ्यातली पुन्हा बुरसते, आणि तो दुसरे पेव पुन्हा खरवडायला घेतो.

या पानांत प्रेमकथा थांबते अशी तक्रार एका वाचकाने केली. माझे मत उलट आहे. नायिका रोज संध्याकाळी पेवांची पाहणी करायला येते, कारण ते तिचे काम आहे. एकदा ती त्याने लिंपलेल्या भिंतीवरून हात फिरवते, एका जागी बोट थांबवते आणि तिथे अजून ओल आहे एवढेच सांगते. प्रेमकथेला आवश्यक असते ती जवळीक, आणि ज्या दोघांमधला विश्वास तुटला आहे त्यांच्यातली जवळीक अशाच वाटेने परत येऊ शकते: काम नीट झाले आहे की नाही हे तपासण्याच्या निमित्ताने.

खडकाचा नियमही बदलला. आधीच्या मसुद्यात क्षमेचा शब्द उच्चारताच तुटलेली रेघ सांधली जात होती. आता तुटलेली रेघ कधीच सांधली जात नाही. ती खडकावर तशीच राहते, पण माणसाला तिच्या शेजारी नवा शब्द देता येतो, आणि खडक तो घेतो की नाही हे खडकच ठरवतो. छोटासा वाटणारा हा बदल मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. अद्भुताचा नियम जर प्रत्येक पश्चात्तापाला चमत्काराने बक्षीस देऊ लागला, तर पात्रांनी केलेल्या कष्टाला किंमत उरत नाही.

क्षमा कोणाची

राहिला तिसरा पदर, उपासमारीचा. लेखिकेच्या मनात नायिकेची प्रतिमा काहीशी संतांसारखी होती, आणि पैठणच्या एकनाथांची परंपरेने चालत आलेली कथा त्यांनी बोलताना अनेकदा सांगितली: गोदावरीत स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकतो, नाथ प्रत्येक वेळी न रागावता पुन्हा स्नानाला जातात, आणि शेवटी तो माणूसच शरमून त्यांचे पाय धरतो. या कथेपुढे नतमस्तक व्हावे अशीच ती आहे. पण नाथांनी जो अपमान गिळला तो त्यांचा स्वतःचा होता, म्हणून तो गिळण्याचा अधिकारही त्यांचाच होता. नायिकेला स्वतःवरच्या अन्यायाची क्षमा करता येईल. वडिलांवरच्या अन्यायाची क्षमा करण्याचा अधिकार तिच्याकडे अर्धामुर्धाच आहे, आणि भुकेने मेलेल्यांच्या वतीने तर तिला काहीच बोलता येणार नाही, प्रमुख असली तरीही.

यावर लेखिकेने जे केले ते माझ्या सूचनेपलीकडचे होते. आधीच्या मसुद्यात "पदरात घे" म्हणणारी जी वयस्क स्त्री होती, तिलाच त्यांनी वेढ्यात मुलगा गमावलेली आई केले. आता नायिकेला उपदेश करणारी कोणी उरली नाही; उलट मशालजीच तिच्याकडे जातो, पायांशी बसतो आणि क्षमा मागतो. ती म्हणते: "कोठावळ्याच्या पोरीनं माफ केलं आसंल तर तिचं ती जाणे. माझं लेकरू भुकेनं गेलं. माफ करायचं का न्हाई ते त्याला इचार, मला काऊन इचारतोस?" तो उठायला लागतो तेव्हा ती त्याला थांबवते, आपल्या घरातली रिकामी कणगी दाखवते आणि तिला खालून उंदरांनी भोक पाडले आहे, ते बुजवून दे म्हणते. तो बुजवतो. पुस्तक संपेपर्यंत ती त्याला माफ करत नाही, आणि त्याला काम सांगणेही बंद करत नाही.

हा प्रसंग वाचताना मला गाथासप्तशतीतील एक गाथा आठवत राहिली. हाल सातवाहनाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संग्रहात, गोदाकाठच्या संसारांचे किती बारकावे आहेत, हे सांगावे तेवढे थोडे. पती पत्नीच्या पाया पडलेला आहे, ती रागाने जळते आहे, आणि तेवढ्यात त्यांचा लहान मुलगा त्या वाकलेल्या बापाच्या पाठीवर चढून बसतो. तीव्र रागाने पोळलेल्या त्या गृहिणीलाही हसू फुटते. गाथा इथेच थांबते. तिने क्षमा केली असे कवी म्हणत नाही; राग गेला असेही म्हणत नाही. राग असतानाच हसू आले, एवढेच तो पाहतो आणि सांगतो. अद्भुतरम्य कादंबऱ्यांमध्ये भावना एकीच्या जागी दुसरी अशा ओळीने येतात, आधी द्वेष, मग अश्रू, मग मिठी. प्रत्यक्षात त्या एकाच घरात एकाच वेळी नांदतात. कणगी बुजवून घेणाऱ्या आईच्या पानांत लेखिकेला हे साधले आहे, आणि नायिकेच्या पानांतही ते यावे असा माझा आग्रह होता. आता जिथे ओल सापडते म्हणून ती बोट थांबवते, तिथे ते बरेचसे आले आहे.

शेवटावरचा मतभेद

शेवटाबाबत आमचे पूर्ण एकमत झाले नाही. माझा कल दोघांनी एकाच किल्ल्यात, परंतु वेगळे राहावे याकडे होता. लेखिकेचे म्हणणे असे की प्रेमकादंबरी वाचणाऱ्याशी लेखकाने एक करार केलेला असतो, शेवटी ही दोघे एकत्र येणार असा, आणि हा करार मोडणे हाही एक विश्वासघातच आहे. हे म्हणणे मला मान्य करावे लागले. जी वाचक मुलगी दिवसभराच्या कामानंतर रात्री मोबाइलवर हे वाचते, तिला आनंदाचा शेवट मागण्याचा पुरेपूर हक्क आहे, आणि तो मागणाऱ्यांना उथळ समजण्याची समीक्षेतली सवय अन्यायाची आहे. अट एवढीच, की आनंदाने आधीच्या पानांचे देणे चुकवलेले असावे.

सध्याचा शेवट असा आहे. बाणाचा प्रसंग येतो, मशालजी जखमी होतो, बरा होतो. नायिका त्या काळात त्याची शुश्रूषा करते, पण क्षमेचा शब्द काढत नाही, आणि तोही मागत नाही. त्याला हिंडता-फिरता येऊ लागल्यावर, वेढा पुन्हा पडण्याच्या आदल्या दिवशी, ती कोठाराचा शिक्का घेऊन त्याच्याकडे येते आणि तो रात्रभर सांभाळायला त्याच्याजवळ ठेवून झोपायला जाते. सकाळी शिक्का जागेवर असतो. ती त्याला पुन्हा 'तू' म्हणते. लग्नाचा प्रसंग एका परिच्छेदात उरकला आहे, तो तेवढाच बरा. शिक्का ठेवून जाण्याच्या प्रसंगात क्षमा आणि विश्वास यांतील अंतर स्पष्ट दिसते: क्षमा तिने कदाचित त्याच्याही नकळत, पेवांच्या पाहणीत केव्हातरी केलेली आहे, विश्वास मात्र तिला जोखीम पत्करून, ठरवून द्यावा लागतो, आणि तो तिने आजारपणाची कणव मनात ताजी असताना न देता त्याच्या पायांवर तो उभा असताना दिला आहे.

एक दुवा अजून कच्चा आहे. मशालजीला भाऊ आधीच मेला होता हे दुसऱ्या भागात केव्हा कळते, याची जागा नीट ठरलेली नाही. सध्या ते त्याला कबुलीच्या आधी कळते, आणि त्यामुळे कबुलीमागे पश्चात्ताप आहे की ज्याच्यासाठी केले तेच हातातून गेल्याचे वैफल्य आहे, अशी शंका घ्यायला जागा राहते. भाऊ जिवंत असेल या आशेवर असतानाच, कबुलीमुळे त्याचा जीव जाऊ शकतो हे माहीत असूनही तो उभा राहिला, तर पहिल्या भागातील निवडीच्या बरोबर उलट निवड त्याने केली असे होईल, आणि बाणाने जे सिद्ध होत नव्हते ते त्या दुपारी सिद्ध होईल. मग भावाच्या मरणाची बातमी त्याला पेवाच्या तळाशी, काम करत असताना, वरून कोणीतरी हाक मारून द्यावी लागेल. लेखिका ते प्रकरण आता त्याप्रमाणे पुन्हा लिहीत आहेत.